जांभळाची बी खरंच शुगर उतरवते का? बियांच्या अर्काची चाचणी कशी घ्यावी

मराठवाड्यात शुगरवर कुठली ना कुठली बी सांगणारा माणूस गावोगावी भेटतो. कुणी जांभळाच्या बीची पावडर घ्यायला सांगतं, कुणी रात्री भिजवलेली मेथी, कुणी सागरगोटा, कुणी भाजलेले चिंचोके. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. त्यामुळे असे उपाय थांबणार नाहीत, आणि त्यांची तपासणीही थांबू नये. दरवर्षी नांदेड, लातूर, परभणी, छत्रपती संभाजीनगर इथल्या फार्मसी, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि बायोकेमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ना कुणी हाच विषय प्रोजेक्टसाठी निवडतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

अर्क दिल्यावर आकडा खाली आला, हे दाखवायला फार कष्ट लागत नाहीत. तो अर्कामुळेच आला, दुसऱ्या कशामुळे नाही, हे दाखवण्यातच खरं काम आहे. म्हणून प्रत्येक पायरीवर आपला निष्कर्ष खोटा ठरवू शकेल अशी एक नळी किंवा उंदरांचा एक गट अर्काच्या शेजारी ठेवायचा. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका सवयीभोवती आहे.

आणि ज्यांना स्वतःला मधुमेह आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. यातली कुठलीही पायरी घरी करून पाहण्याची नाही. टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा, रुग्णाने बीच्या भरवशावर इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, जीवावर बेततं. गोळ्या चालू असताना सोबत बीची पावडर घेत असाल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन शुगर अचानक खाली जाऊ शकते.

आधी प्रश्न, मग बी

बहुतेक सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, लिहिलेलं असतं, ‘अमुक बीच्या अर्काचा मधुमेहविरोधी गुणधर्म अभ्यासणे’. यात प्रश्नच नाही. रक्तातली साखर कमी होण्याच्या वाटा अनेक आहेत. आतड्यात पिष्टाचं (स्टार्चचं) पचन मंदावतं, साखरेचं शोषण मंदावतं, स्वादुपिंडातून इन्सुलिन जास्त सुटतं, स्नायू साखर जास्त ओढून घेतात, यकृत साखर कमी तयार करतं. आणखी एक वाट आहे, ती कुणी लिहीत नाही: प्राणी आजारी पडतो, खाणं सोडतो आणि त्यामुळे साखर उतरते. तुम्ही यातली कुठली वाट तपासणार ते एका वाक्यात लिहा. काय दिसलं तर ‘या बीत काही नाही’ असं मान्य कराल, तेही त्याच कागदावर लिहा आणि गाइडची सही घेऊन ठेवा.

बी निवडताना मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची गोष्ट लक्षात असावी. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस ही वनस्पती पूर्वीपासून औषधात होती. तिच्यातलं गॅलेजिन साखर उतरवतं, पण ते विषारी आहे. त्याच्याशी रासायनिक नातं असलेलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ साली फ्रान्समधल्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आज घरोघरी असलेली ही गोळी वनस्पतीच्या धाग्यावरूनच आली, पण मूळ वनस्पती कुणी चमच्याने खात नाही. आपल्याकडच्या बियांतूनही असं काही निघू शकतं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच घाईने केलेली चाचणी बघवत नाही.

सुरुवातीला जांभूळ, मेथी, चिंचोके किंवा सागरगोटा घ्या. यांच्यावर काम झालेलं आहे, तुलना करता येते. गुंज, एरंड, धोतरा यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. गुंजेत ॲब्रिन आणि एरंडीत रायसिन आहे, दोन्ही जहाल विषं. सीताफळाच्या बीबद्दल विशेष सांगतो, कारण बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, बीड-धाराशिवकडे, हंगामात ती ढिगाने आणि फुकट मिळते, आणि फुकट मिळतं तेच विद्यार्थी उचलतात. उवांसाठी तिची पूड डोक्याला लावतात आणि ती डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते. तिच्यातली ॲसिटोजेनिन्स पेशींच्या ऊर्जानिर्मितीवरच घाव घालतात. असा अर्क दिलेल्या उंदराची साखर उतरली तर ती उपचाराने उतरली की विषाने, हे ठरवताना तुमची दोन वर्षं जातील.

बी गोळा करणं आणि तिची ओळख पटवणं

काष्ठौषधींच्या दुकानातून तयार पावडर आणू नका. ती कधीची आहे, तिच्यात दुसरं काय मिसळलंय, कशावरच बोट ठेवता येत नाही. बाजारातली जांभळंही कुठून येतात ते विक्रेत्यालाच माहीत नसतं. झाड स्वतः शोधा. मराठवाड्यात जांभूळ जून-जुलैमध्ये उतरतं. ओढ्याकाठचं गावठी जांभूळ आणि बागेतलं कोकण बहाडोलीसारखं कलमी जांभूळ यांच्या बीचा आकार आणि गराचं प्रमाण निराळं असतं, रसायनंही सारखी असतील असं धरून चालू नका. म्हणून झाडाची जात, गाव, तालुका, तारीख, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि फोटो वहीत उतरवून ठेवा.

फांदी, पान, फूल किंवा फळ यांचा दाबून वाळवलेला नमुना करा. बहर आणि फळ एकदम मिळत नाही, त्यामुळे त्याच झाडाकडे दोनदा जावं लागतं. तो नमुना विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण केंद्रात ओळख पटवून जमा करा आणि नमुना क्रमांक घ्या. जांभळाचं शास्त्रीय नाव सिझिजियम क्युमिनाय. जुन्या लेखांत ते युजेनिया जांबोलाना म्हणून सापडतं, तेव्हा संदर्भ शोधताना दोन्ही नावं टाका.

गौताळा किंवा किनवट-माहूरच्या जंगलातून काही आणायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. गावातून घेणार असाल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला भेटा. लोकजैवविविधता नोंदवहीत त्या झाडाचा गावातला वापर नोंदलेला असू शकतो, आणि तो तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात गावाच्या नावाने यायला हवा. पुढे पेटंटचा विचार असेल तर जैविक विविधता कायदा, २००२ आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती वाचा. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवण्याआधीही राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम बघावे लागतात.

वाळवणं

जांभळाची ताजी बी पाण्याने भरलेली असते, आणि ती हाती येते नेमकी पावसाच्या तोंडावर. अंगणात पसरून ठेवली की चार दिवसांत बुरशी धरते. ती बुरशी ॲस्परजिलसची असेल तर अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष अर्कात उतरू शकतं आणि यकृताची वाट लागते. गर काढून बी लगेच धुवा, वरचं पातळ आवरण काढा, बी फोडून तुकडे करा आणि ओव्हनमध्ये ४० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मेथी आणि चिंचोक्यांना एवढी काळजी लागत नाही. चिंचोक्याचं तपकिरी टरफल आणि आतला पांढरा गर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टरफलात टॅनिन ठासून भरलेलं, गरात डिंकासारखं पॉलिसॅकराइड. दोन्ही एकत्र दळलं तर कशाची चाचणी घेतली हेच कळणार नाही.

मिक्सरमध्ये थोडं थोडं थांबून दळा म्हणजे पावडर तापणार नाही. ४० नंबरच्या चाळणीतून काढा. १०५ अंशांवर वाळवून ओलावा आणि नंतर एकूण राख मोजा. हवाबंद काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवा. लेबल बाटलीवर चिकटवा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.

अर्क काढणं

समजा १०० ग्रॅम पावडर आहे. आधी पेट्रोलियम ईथरने तेल काढून टाका, सोक्सलेट या काचेच्या उपकरणात किंवा नुसतं भिजवून. मग पावडर पूर्ण सुकू द्या, ईथरचा वास राहता कामा नये. त्यानंतर ७० टक्के इथेनॉल १ लिटर घालून ४८ तास झाकून ठेवा, अधूनमधून हलवा, गाळा. उरलेल्या चोथ्यावर हेच आणखी दोनदा करा. तिन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४५ अंशांच्या आत आटवा. इव्हॅपोरेटर नसेल तर वॉटर बाथवर पसरट काचपात्रात आटवता येतं, पण विद्रावक (इथे इथेनॉल) राहून जाण्याची भीती असते, म्हणून शेवटी डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. १०० ग्रॅमला १४ ग्रॅम अर्क मिळाला तर उतारा १४ टक्के. हा आकडा ठळक लिहून ठेवा, लेखाच्या शेवटी तो फार मोठं काम करणार आहे.

विद्रावक कुठला वापरायचा हे पुस्तकात दिलं आहे म्हणून ठरवू नका. मेथी हे याचं चांगलं उदाहरण. मेथीचा साखरेवरचा बराचसा परिणाम तिच्यातल्या गॅलॅक्टोमॅनन या विरघळणाऱ्या तंतूमुळे होतो. तो आतड्यात बुळबुळीत जेल करून साखरेचं शोषण मंदावतो. हा तंतू अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. म्हणजे अल्कोहोलचा अर्क काढला की मेथीतला हा मोठा गुण चोथ्यासोबत कचऱ्यात जातो आणि तुम्ही उरलेल्यावर चाचणी घेता. अमिनो आम्लासारखं ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन मात्र अर्कात येतं, आणि तुमचा प्रश्न इन्सुलिन सुटण्याबद्दल असेल तर तेच हवं. म्हणून म्हणतो, आधी प्रश्न. गावात बी जशी वापरतात तसा, म्हणजे पाण्यातला किंवा नुसत्या पावडरचा, एक नमुना सोबत ठेवाच. लोक ७० टक्के इथेनॉलमधून मेथी खात नाहीत.

अर्क छोट्या कुप्यांमध्ये वाटून उणे २० अंशांवर ठेवा. आपल्याकडे लाइट जाते हे धरून चला. एकच मोठी बाटली वारंवार वितळून गोठली तर महिन्याभराने तुम्ही वेगळाच पदार्थ वापरत असता.

रासायनिक ओळख

टॅनिन, सॅपोनिन, अल्कलॉइड, फ्लॅव्होनॉइड यांच्या रंगांच्या चाचण्या करा, पण त्यावर पानंच्या पानं भरू नका. ‘फ्लॅव्होनॉइड आहेत, म्हणून मधुमेहावर गुणकारी’ हे वाक्य जवळजवळ कुठल्याही पाल्याबद्दल लिहिता येतं. त्यापेक्षा मोजमाप द्या. फोलिन-सिओकाल्ट्यूने एकूण फिनॉल, ७६५ नॅनोमीटरला, गॅलिक आम्लाच्या तुलनेत. ॲल्युमिनियम क्लोराइडने फ्लॅव्होनॉइड, ४१५ नॅनोमीटरला. जमलं तर एचपीटीएलसीचा, म्हणजे अर्कातली रसायनं वेगवेगळ्या पट्ट्यांत दाखवणाऱ्या तंत्राचा, ठसा घ्या. जांभळासाठी गॅलिक आणि एलाजिक आम्ल, मेथीसाठी ट्रायगोनेलिन ही खुणेची रसायनं. पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याने त्याच झाडाची बी आणली तर दोन्ही अर्क सारखे आहेत का, हे या ठशावरूनच ठरेल.

नळीतली चाचणी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

प्राणीगृह नसलेल्या कॉलेजलाही हे काम उत्तम करता येतं, आणि नीट केलं तर प्रबंध इथेच उभा राहतो.

आल्फा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) पिष्टाचे तुकडे करतं. ते रोखलं तर जेवणानंतरची साखर हळू चढते. २० मिलिमोलर फॉस्फेट बफर, पीएच ६.९, त्यात ६ मिलिमोलर मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. अर्काचं ५०० मायक्रोलिटर द्रावण आणि डुकराच्या स्वादुपिंडातल्या अमायलेजचं ५०० मायक्रोलिटर द्रावण, मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम, २५ अंशांवर १० मिनिटं. मग १ टक्का पिष्ट ५०० मायक्रोलिटर, पुन्हा १० मिनिटं. डीएनएसए, म्हणजे साखरेसोबत रंग देणारं रसायन, १ मिलिलिटर घालून उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, गार करून पाणी घाला आणि ५४० नॅनोमीटरला वाचा. तुलनेसाठी अकार्बोज, हे विकर रोखणारं मधुमेहाचं औषध.

आता शेजारच्या नळ्या. एका अर्काच्या एका तीव्रतेसाठी चार नळ्या लागतात: अर्काशिवाय विकर, विकराशिवाय नुसता बफर, अर्क आणि विकर, आणि अर्क पण विकर नाही. चौथी नळी विद्यार्थी गाळतात. बियांच्या अर्कात स्वतःची साखर असते, रंगही असतो, आणि डीएनएसए दोन्ही मोजतं. समजा अर्काशिवायची नळी ०.८०, तिचा ब्लँक, म्हणजे विकर नसलेली नळी, ०.०५, अर्काची नळी ०.५५ आणि अर्काचा ब्लँक ०.२५. खरा फरक ०.७५ विरुद्ध ०.३०, म्हणजे ६० टक्के अवरोध, विकराचं तेवढं काम रोखलं गेलं. चौथी नळी न ठेवता ०.०५ च वजा केला तर तोच अर्क ३३ टक्क्यांवर दिसतो. चांगला अर्क हातचा जातो.

उलट्या दिशेनेही फसगत होते, आणि जांभळाच्या बाबतीत तिचा धोका जास्त. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटतं. अमायलेज हे प्रथिनच, त्यामुळे टॅनिनने भरलेला अर्क ते बंद पाडणारच. पण आतड्यात तोच अर्क वरण-भाकरीतल्या प्रथिनांमध्ये सापडेल आणि विकरापर्यंत पोचेलच असं नाही. हे ओळखायला एका नळीत बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, म्हणजे गाईच्या रक्तातलं प्रथिन, घाला. अवरोध नाहीसा झाला तर समजा, चिकटण्याचा खेळ होता. किंवा पॉलीव्हिनाइल पॉलीपायरोलिडोनने टॅनिन काढून टाकलेला अर्क आणि मूळ अर्क शेजारीशेजारी तपासा.

आणखी एक आडवाट. अमायलेजला कॅल्शियम लागतं. बियांमध्ये फायटिक आम्ल असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. एका नळीत थोडं जास्तीचं कॅल्शियम क्लोराइड घालून अवरोध टिकतो का ते बघा. या चाचणीसाठी बफर फॉस्फेटचा नको, कारण फॉस्फेट कॅल्शियमला खाली बसवतं. हेपेस (HEPES) बफर चालेल. याच कारणाने पाणीही नीट हवं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, डिस्टिलेशन प्लँटची कॉइल पांढरी झालेली असते. बफर करण्याआधी पाण्याची विद्युतवाहकता मोजा.

आल्फा-ग्लुकोसायडेज हे पिष्टाच्या तुकड्यांची शेवटी साखर करणारं आतड्यातलं विकर. त्याची चाचणी पीएनपीजी हे तुटल्यावर पिवळा रंग देणारं रसायन वापरून ४०५ नॅनोमीटरला होते, ती सोपी आहे. फक्त विकर कुठलं घेतलं हे बघा. कॅटलॉगमध्ये स्वस्त मिळतं ते यीस्टचं. यीस्टच्या विकरावर अकार्बोज फारच कमी चालतं, सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या विकरावर जोरात चालतं. त्यामुळे यीस्ट वापरून ‘आमचा अर्क अकार्बोजपेक्षा कितीतरी पट प्रभावी’ असे निष्कर्ष निघतात आणि छापूनही येतात. त्यात अर्काची ताकद किती हे कळतच नाही. उंदराच्या आतड्याच्या ॲसिटोन पावडरीतून काढलेलं विकर वापरा, महाग पडलं तरी.

निदान सहा तीव्रता घ्या आणि आयसी-५०, म्हणजे विकराचं काम निम्म्यावर आणणारी तीव्रता, काढा. एकाच तीव्रतेवरचे टक्के देऊ नका. अर्क डीएमएसओ या विद्रावकात विरघळवला असेल तर तेवढंच डीएमएसओ सगळ्या नळ्यांत जाऊ द्या, शेवटी १ टक्क्याच्या आत. आणि एकाच फ्लास्कमधून भरलेल्या तीन नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्या बफरने, नव्या द्रावणाने तीनदा करा.

मेथी किंवा चिंचोक्याच्या गरासाठी याहून योग्य चाचणी आहे, आणि खर्चही कमी. डायलिसिसच्या पिशवीत ग्लुकोजचं द्रावण आणि बीची पावडर भरा, पिशवी बफरमध्ये सोडा आणि दर अर्ध्या तासाने बाहेर आलेलं ग्लुकोज जीओडी-पीओडी किटने मोजा. शेजारी एक पिशवी बीशिवायची. इसबगोलाची एक असेल तर उत्तमच.

स्नायूंच्या पेशी साखर किती ओढतात हे बघायचं असेल तर एल-६ पेशी वापरतात. त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. आधी एमटीटी चाचणी करून अर्काने पेशी मरत नाहीत ना, ते पाहा.

प्राण्यांवर जाण्याआधी

नळीत काहीच दिसलं नाही, किंवा दिसलं ते अल्ब्युमिन घातल्यावर गेलं, तर उंदरांवर जाऊ नका. जिवंत प्राण्याला वेदना द्यायची तर त्यामागे कारण हवं. कायद्यालाही हेच हवं आहे. संस्थेची प्राणीगृह नोंदणी, संस्थात्मक प्राणी नैतिक समितीची लेखी मंजुरी आणि ती मिळाल्यावरच प्राणी, हा क्रम प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालच्या १९९८ च्या नियमांनी बांधून दिला आहे. स्वतःचं प्राणीगृह नसेल तर नोंदणी असलेल्या फार्मसी कॉलेजशी करार करा आणि अर्जात त्यांच्या समितीचा क्रमांक द्या. मंजुरी येईपर्यंत महिने जातात, तेव्हा अर्ज नळीतल्या कामासोबतच लिहायला घ्या.

आधी विषाक्तता. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या पद्धतीने तोंडावाटे, कमाल २००० मिलिग्रॅम प्रति किलो, आणि १४ दिवस निरीक्षण. पण एका डोसला प्राणी जगला म्हणजे २८ दिवस रोज घेतलेला अर्क निर्धोक ठरत नाही. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या मुख्य प्रयोगात ठेवाच.

मधुमेही उंदीर

१५० ते २०० ग्रॅमचे विस्टार जातीचे उंदीर (रॅट), २२ अंशांच्या आसपास, १२ तास उजेड, १२ तास अंधार. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असताना हा प्रयोग लावू नका. एसी एक रात्र बंद पडला तरी भरपूर लघवी करणारे मधुमेही प्राणी पाणी कमी पडून मरतात, आणि मेलेले कुठल्या गटातले यावर तुमचा निकाल फिरतो. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ बरा.

मधुमेह निर्माण करायला ॲलोक्सान किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन वापरतात. ॲलोक्सान स्वस्त आहे, पण त्यात काही प्राणी आपोआप बरे होतात, मग श्रेय अर्काला जातं. स्ट्रेप्टोझोटोसिन घ्यावं. ०.१ मोलर सायट्रेट बफर, पीएच ४.५, बर्फावर गार, त्यात ऐनवेळी विरघळवून काही मिनिटांतच पोटात टोचायचं. डोस साधारण ५० ते ६० मिलिग्रॅम प्रति किलो. हे कर्करोगकारक आहे, हातमोजे आणि फ्यूम हूडशिवाय उघडायचं नाही. टोचल्यानंतर स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या, फुटलेल्या बीटा पेशींतून इन्सुलिन एकदम सांडतं, म्हणून २४ तास प्यायला ५ टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवा. ७२ तासांनी उपाशीपोटीची साखर २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असलेलेच प्राणी घ्या.

मात्र यात बीटा पेशीच मरतात, म्हणजे हे चित्र टाइप १ च्या जवळचं आहे. आपल्याकडची बहुसंख्य शुगर टाइप २ ची, जिच्यात इन्सुलिन असतं पण ते पुरेसं पडत नाही. तिच्यासाठी आधी निकोटिनामाइड देऊन मग स्ट्रेप्टोझोटोसिन, किंवा काही आठवडे जास्त चरबीचा आहार आणि नंतर ३५ मिलिग्रॅम प्रति किलोच्या आसपास कमी डोस, या पद्धती योग्य. इथे तुलनेच्या प्रमाणित औषधाच्या, म्हणजे ग्लिबेनक्लामाइडच्या, गटाकडे नीट बघा. ते बीटा पेशींकडून इन्सुलिन सोडवून घेतं. पेशी खरंच मेल्या असतील तर ते चालायला नको. चाललं तर पेशी शिल्लक होत्या, आणि तसं लिहा.

गट सहा: निरोगी, निरोगी अधिक अर्काचा मोठा डोस, मधुमेही, मधुमेही अधिक प्रमाणित औषध, मधुमेही अधिक अर्काचा लहान आणि मोठा डोस. दुसरा गट प्राणी वाचवायला गाळतात, पण निरोगी प्राण्याची साखरही अर्क खाली ओढतो का हे तोच सांगतो. प्रत्येक गटात सहा. कुणाला कुठल्या गटात घालायचं ते चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने ठरवा. पिंजऱ्यात हात घालून आधी सापडेल तो पहिल्या गटात, असं केलं तर सुस्त, आजारी प्राणी एकाच गटात जमतात. साखर मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. बाटल्यांवर मित्राकडून नुसती अक्षरं लिहून घ्या, तेवढ्याने भागतं.

रोज खाल्लेलं अन्न आणि वजन लिहा. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. बियांचे अर्क कडू असतात, गॅव्हाजने, म्हणजे नळीने थेट पोटात, दिले तरी पोट बिघडतं, प्राणी कमी खातो आणि साखर उतरते. अन्नाचे आकडे नसतील तर हा खुलासा कुणीही खोडू शकत नाही. शक्य असेल तर मधुमेही प्राण्यांचा आणखी एक गट ठेवा, ज्याला अर्क नाही, पण अर्कवाल्यांनी काल जेवढं खाल्लं तेवढंच अन्न आज द्यायचं. भुसा दिवसातून दोनदा बदला, हे प्राणी सतत ओले असतात.

२८ दिवस अर्क, दर आठवड्याला सहा तास उपाशी ठेवून शेपटीच्या टोकातून साखर. ग्लुकोमीटरवर ‘हाय’ आलं तर ती ६०० आहे असं मनाने लिहू नका, नमुना पातळ करून प्रयोगशाळेत मोजा. शेवटच्या आठवड्यात ग्लुकोज सहनशीलता चाचणी, २ ग्रॅम प्रति किलो, ०, ३०, ६०, १२० मिनिटांना. अखेरीस इन्सुलिन, यकृत, मूत्रपिंड, चरबी, आणि स्वादुपिंडाचे काप.

आकड्यांसाठी एकमार्गी एनोव्हा (सगळ्या गटांच्या सरासरींची तुलना) आणि त्यानंतर डनेटची चाचणी (प्रत्येक गटाची एका ठरलेल्या गटाशी तुलना) पुरते. दर आठवड्याच्या साखरेसाठी पुनरावृत्त मोजमापांची पद्धत हवी. मेलेले प्राणी तक्त्यात दाखवा, गटासह.

उंदराचा डोस माणसात किती होतो

आता तो १४ टक्क्यांचा उतारा. समजा ४०० मिलिग्रॅम प्रति किलोला परिणाम दिसला. उंदराचा डोस माणसाच्या डोसात बदलताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ६.२ ने भागतात. म्हणजे साधारण ६४.५ मिलिग्रॅम प्रति किलो, ६० किलोच्या माणसाला जवळजवळ ३.९ ग्रॅम अर्क. १४ टक्के उताऱ्याने तो अर्क काढायला २८ ग्रॅमच्या आसपास बी लागेल. रोज, कायम. हा हिशेब प्रबंधाच्या चर्चेत मांडा. चिमूटभर पावडरीचा उपाय आणि तुमचा प्रयोग यांत किती अंतर आहे ते वाचणाऱ्याला लगेच कळेल.

माणसावरची चाचणी विद्यार्थ्याच्या हातातली नाही. तिला नोंदणीकृत डॉक्टर, मानवी नैतिक समिती, भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीवरची आगाऊ नोंद आणि औषध नियंत्रकांचे नियम लागतात. २०१५ पासून फायटोफार्मास्युटिकल, म्हणजे वनस्पतीपासूनच्या प्रमाणित औषधांची, ही वेगळी वाट खुली आहे. तीत प्रमाणित, शुद्ध केलेला अंश लागतो आणि त्यातली निदान चार रसायनं मोजलेली असावी लागतात. प्राण्यांत चाललेलं माणसांत चालेल याची हमी नसते. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा टाइप २ च्या रुग्णांना देऊन ग्लायब्युराइडशी (ग्लिबेनक्लामाइडचंच दुसरं नाव) तुलना केली होती, चहाने साखर उतरली नाही. ती पानं होती, बी नव्हे. पण बी घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं.

निकाल चांगला आला की बातमी होते, आणि व्हॉट्सॲपवर ‘आपल्या विद्यापीठाने सिद्ध केलं’ म्हणून फिरते. औषध आणि चमत्कारी उपाय कायदा, १९५४ च्या यादीत मधुमेह आहे, तेव्हा बरा करण्याचा दावा असलेली जाहिरात गुन्हा ठरते. पत्रकाराला किंवा गावातल्या कुणाला सांगताना प्राणी कुठला, डोस किती आणि किती दिवस, हे तिन्ही एकत्र सांगा. ज्यांच्या शेतातून बी आणली त्यांनी ‘मग गोळी सोडून हीच घेऊ का?’ असं विचारलं, तर उत्तर स्पष्ट द्या: नाही, गोळी चालू ठेवा, आम्ही अजून माणसावर तपासलेलं नाही.